बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत

आमची बुंदी सहा वर्षांची लॅब्रॅडॉर. नाव ठेवलं तेव्हा ती खरोखरच बुंदीच्या दाण्याएवढी होती. पुढे तिचा मोतीचूर लाडू होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गेल्या वर्षी लस द्यायला नेली तेव्हा डॉक्टरांनी तिला हात लावण्याआधी मलाच हात पुढे करायला सांगितला.

"मूठ वळा," ते म्हणाले. "आता दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या टेंगळांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ते हडकलंय. आता मूठ उघडा, पंजा पालथा करा आणि हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. कातडीखाली हाडं लगेच लागतात ना? कुत्रं असं हवं. आता पंजा उताणा करा आणि बोटांच्या मुळाशी जी गादी आहे ती चाचपा. हाडं आहेत, पण शोधावी लागतात. हे जाड कुत्रं."

मग म्हणाले, "आता बुंदीला लावा हात."

मी लावला. बोटांच्या मुळाची गादी फारच मागे राहिली. बुंदीच्या बरगड्यांवरचा थर अंगठ्याखालच्या उंचवट्यासारखा होता. हाडं असणारच, पण ती विश्वासावर मानायची. काट्यावर ती भरली ३८ किलो. तिच्या हाडापेराला ३० पुरे होते.

ही हाताची चाचणी म्हणजे पशुवैद्य वापरतात त्या नऊ अंकांच्या पट्टीचं घरगुती रूप. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे चालता तक्क्या, आणि चार-पाच म्हणजे ठाकठीक. पाचच्या वर प्रत्येक अंकाला वजन साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त धरतात. नुसत्या किलोंपेक्षा ही पट्टी भरवशाची, कारण एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या हाडापेरात पाच-सहा किलोंचा फरक सहज असतो. हातासोबत डोळ्यांनीही दोन गोष्टी बघायच्या. कुत्रं उभं असताना वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने पाहिलं तर छातीपासून मागच्या मांड्यांकडे पोटाची रेघ वर चढली पाहिजे. बुंदी वरून पाटासारखी दिसे आणि बाजूने पिंपासारखी.

खरी अडचण अशी की आपली नजरच बिघडलेली आहे. सोसायटीत दहातली सहा-सात कुत्री गुबगुबीत असली की गुबगुबीत हेच 'तब्येतीत असणं' वाटू लागतं आणि नीट वजनाचं कुत्रं उपाशी दिसतं. मराठवाड्यात किंवा सीमेपलीकडे मुधोळकडे ज्यांनी कारवानी, मुधोळ हाऊंड अशी शिकारी कुत्री पाळलेली आहेत, त्यांच्या डोळ्यांना ही सवय नसते. त्या कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे निरोगीपणाचं लक्षण, आणि पोट तर कमानीसारखं वर गेलेलं. असलं कुत्रं पुण्या-मुंबईच्या सोसायटीत आणलं की लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "याला काही खायला घालता की नाही?" बुंदीबद्दल असं कुणी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. "किती गोड आहे!" एवढंच म्हणायचे.

या गोडव्याची किंमत काय, ते फार पूर्वी मोजून झालंय. अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांच्या चोवीस जोड्या लावल्या, जोडीतली दोघं एकाच वेतातली. एकाला जेवढं खाणं मिळेल त्याच्या पाऊणपटच दुसऱ्याला द्यायचं, तेही पिल्लूपणापासून मरेपर्यंत. प्रयोग चौदा वर्षं चालला आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाऊण खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, पूर्ण खाणाऱ्यांचं ११.२. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे फार झाली. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सांधेदुखीवर औषध सुरू करायची वेळ सडपातळ कुत्र्यांवर जवळपास तीन वर्षं उशिरा आली. आणि जास्त खाणारी कुत्री काही अगडबंब नव्हती. नऊच्या पट्टीवर ती सहा-सातच्या मध्ये होती, म्हणजे आपण ज्याला 'जरा भरलेला आहे' म्हणतो तशी. गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या एका कंपनीने केला होता. गिऱ्हाइकाला कमी खायला घाला, असं सांगणारा व्यापारी विरळाच. पुढे २०१९ मध्ये पन्नास हजारांहून जास्त पाळीव कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हाही बारा जातींत तोच कल दिसला. जाड कुत्र्यांचं आयुष्य कुठे काही महिन्यांनी, तर कुठे अडीच वर्षांपर्यंत कमी भरलं.

डॉक्टरांनी लगेच आहाराचा कागद हातात दिला नाही, हे मला आवडलं. आधी रक्त तपासलं. थायरॉइड मंदावलं तर कुत्रं कमी खाऊनही फुगतं. ते सुस्त होतं, उन्हाच्या तिरिपेत जाऊन बसतं, शेपटीचे केस विरळ होतात. पोट मटक्यासारखं लोंबतंय, कुत्रं भांडंभर पाणी पितंय आणि रात्री दोनदा बाहेर नेण्यासाठी उठवतंय, अशी लक्षणं दिसली तर संशय कुशिंगच्या आजाराचा. खाजेसाठी लांबलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा फिटसाठी दिलेलं फिनोबार्बिटोन यांनीही भूक खवळते. शिवाय मोठं पोट म्हणजे चरबीच असं नाही. हृदयाच्या विकारात पोटात पाणी साठतं आणि ऑपरेशन न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. पोट थोड्या दिवसांतच वाढलेलं दिसलं तर खाणं कमी करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

बुंदीचे सगळे आकडे व्यवस्थित आले. "थायरॉइड उत्तम," डॉक्टर म्हणाले. "बिघाड घरात आहे. एक वही घाला."

आता वहीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे जे काही साधलं त्याचं मूळ तिच्यात आहे. शंभर पानी वही दोरीने फ्रिजला टांगली आणि फर्मान काढलं: आठवडाभर नेहमीसारखंच द्यायचं, काही लपवायचं नाही, फक्त लिहायचं. बुंदीच्या भांड्यात दोन्ही वेळचं मिळून ३०० ग्रॅम डॉगफूड पडायचं, पाकिटावरच्या हिशेबाने १,०८० कॅलरी. (पाकिटावर किलोकॅलरी लिहिलेलं असतं; बोलताना आपण सगळेच नुसतं कॅलरी म्हणतो.) या भांड्याबद्दल मी फार निश्चिंत होतो. मोजून देतो ना!

पण वहीत भांड्याबाहेरचं उतरू लागलं. सकाळच्या चहाबरोबर माझ्या हातून मारीची चार बिस्किटं, अंदाजे शंभर कॅलरी. पोळ्या करताना आईच्या हातून तूप लावलेली एक पोळी, १६५. मुलगी शाळेतून आली की चीजचा एक क्यूब, ७५. खाली गेली की वॉचमनकाकांकडून ग्लुकोजची तीन, ७०. रात्री दातांसाठी म्हणून चघळायची कांडी, ९०. ही बायकोच्या खात्यावर, 'ते खाणं नाही, औषध आहे' या सबबीखाली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना लिहायचा आग्रह करता येईना, पण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ताटातलं उरलेलं देते हो दादा, टाकवत नाही." त्याचा आकडा मी आजवर मांडलेला नाही.

बेरीज पाचशेच्या पुढे गेली. भांड्यात पडणाऱ्याच्या निम्मं खाणं भांड्याबाहेरून येत होतं, आणि देणाऱ्या प्रत्येकाची समजूत अशी की 'मी तर एवढंसंच देतो'. कुणी खोटं बोलत नव्हतं. सहा हातांची एवढंसं-एवढंसं मिळून सहा वर्षांत आठ किलो झाली होती.

एवढंसं किती मोठं असतं, ते लहान कुत्र्यात जास्त कळतं. आमच्या शेजारच्या पगचं योग्य वजन आठ किलो. आरामात पडून राहिला तर त्याचं शरीर दिवसाला ३३० कॅलरींच्या आसपास जाळतं. त्याला तूप लावलेली एक पोळी घातली की निम्मा दिवस भागला. आपल्या पोटाच्या मापात बोलायचं तर हे दोन वेळचं जेवून झाल्यावर 'तोंडात टाकायला' म्हणून तीन पुरणपोळ्या खाण्यासारखं आहे.

आता किती द्यायचं याचा हिशेब. तो पशुवैद्याकडूनच करून घ्यावा, पण कसा होतो ते माहीत असलेलं बरं. शरीर स्वस्थ पडलेलं असताना जी ऊर्जा लागते ती वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. चाळीस किलोच्या कुत्र्याला दहा किलोच्या कुत्र्याच्या चौपट लागत नाही, तिपटीहूनही कमी लागते. म्हणून सूत्र जरा वाकडं आहे, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सहज बसतं. वजनाला वजनाने दोनदा गुणा, उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि सत्तरने गुणा. मेख एकच: वजन आजचं घ्यायचं नाही, जे व्हायला हवं ते घ्यायचं. बुंदीसाठी तीस. तीस गुणिले तीस गुणिले तीस म्हणजे २७,०००, वर्गमूळ १६४, पुन्हा वर्गमूळ १२.८, गुणिले ७० म्हणजे जवळजवळ ९००. वजन उतरवताना सुरुवात साधारण इथून करतात. बुंदी खात होती सोळाशे.

या ९०० मधले फार तर दहा टक्के, म्हणजे ९०, लाडाकोडाच्या खाऊसाठी. उरलेलं सगळं भांड्यातून, आणि तेही वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये तोलून. ही शिस्त मला आधी अतिरेकी वाटली होती. मग एका सकाळी नेहमीचा प्लॅस्टिकचा कप भरून काट्यावर ओतला: मी भरला तर ११० ग्रॅम, मुलीने भरला तर १४०. तिचा कप शिगोशीग असतो. दिवसाला दोन कप धरले तर फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे दोनशेहून जास्त कॅलरींचा.

इथे एक चूक फार जण करतात. नेहमीचंच डॉगफूड निम्मं करून टाकतात. त्यात कॅलरीबरोबर प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वंही निम्मी होतात आणि कुत्र्याची चरबी उतरायच्या आधी स्नायू उतरायला लागतात. वजन उतरवण्यासाठी केलेलं वेगळं खाणं मिळतं ते याचसाठी. त्यात प्रथिनं आणि चोथा जास्त, स्निग्ध पदार्थ कमी, त्यामुळे कमी कॅलरींत भांडं त्यातल्या त्यात भरलेलं दिसतं. ते महाग असतं, हे खरं. घरचंच शिजवून घालणाऱ्यांनी चिकन-भात म्हणजे पूर्ण आहार या समजुतीत राहू नये. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, तेव्हा आहार पशुवैद्याकडून बेतून घ्यावा.

पोळीबद्दलही दोन शब्द, कारण इंटरनेटवर वाचून आलेली तरुण मंडळी 'कुत्र्याला गहू विष आहे' म्हणून आजीशी भांडतात. तसं काही नाही. २०१३ साली नेचरमध्ये आलेल्या संशोधनात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली होती. पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज ज्या जनुकापासून बनतं, त्याच्या प्रती कुत्र्यात लांडग्याच्या कितीतरी पट निघाल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगलेल्या प्राण्याला भाकर-पोळी पचते. प्रश्न पोळी पचण्याचा नाही, मोजण्याचा आहे.

मी तीन आठवडे सगळं काटेकोर केलं आणि बुंदीने आमचं जिणं हराम केलं. ती भांड्यापाशी बसून राही. ओट्याखाली लोळण घेई. रात्री दहाला माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून असे काही उसासे टाकी की शेजाऱ्यांना वाटावं, या घरात कुणीतरी गेलंय. आम्ही म्हणायचो, नाटकं. नंतर कळलं की लॅब्रॅडॉरच्या बाबतीत ते निव्वळ नाटक नसण्याचीही बरीच शक्यता असते.

केंब्रिज विद्यापीठातल्या एलेनॉर रॅफन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवून दिलं की ब्रिटनमधल्या सुमारे पाव लॅब्रॅडॉर कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. या जनुकापासून शरीरात जे पदार्थ बनतात त्यांतले काही मेंदूला 'साठा पुरेसा आहे, आता बस' असा निरोप देतात. तुकडा गळाला की निरोप अर्धवट पोचतो. अशा जनुकाची एक प्रत असली तरी वजन सरासरी दोनेक किलोंनी जास्त भरतं. २०२४ मध्ये त्याच गटाने पुढचा प्रयोग केला. पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवायचा. कुत्र्याला तो दिसतो, त्याचा वास येतो, पण तो मिळत नाही. ज्यांच्या जनुकात बिघाड होता ती कुत्री सॉसेजसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ धडपडली. वीस-वीस मिनिटांनी डबाबंद खाणं देत राहिल्यावर मात्र ती इतरांपेक्षा जास्त खात नव्हती. म्हणजे पोट भरायला त्यांना जास्त लागतं असं नाही. दोन जेवणांच्या मध्ये त्यांना भूक लवकर लागते. आणि वर पुन्हा ती स्वस्थ पडलेली असताना इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के कमी ऊर्जा जाळतात. दुहेरी मार.

हे वाचल्यावर माझा बुंदीवरचा राग गेला. तिची जनुकतपासणी आम्ही केलेली नाही. पण कुत्रं 'हावरट' असतं आणि मालक 'ढिला' असतो, हे जे आपण सहज बोलून जातो त्यात फारसा अर्थ नाही, एवढं पटलं. कुणाच्या नशिबी जन्मतः भुकेलं कुत्रं येतं, कुणाच्या नशिबी भांड्यात ठेवलेलं वास घेऊन निघून जाणारं. दुसऱ्या प्रकारच्या मालकाने पहिल्याला शहाणपण शिकवू नये. जनुकांवर मुळीच खापर फोडता येत नाही अशी एक गोष्टही इथेच सांगतो. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज पाव हिश्श्याच्या आसपास उतरते आणि भूक मात्र वाढते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच खाणं बेताचं करायला हवं. बुंदीचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही उलट केलं होतं: 'अशक्तपणा आला असेल' म्हणून महिनाभर रोज अंडं आणि तूपभात.

भूक खरी आहे असं मानलं की उपायही बदलतात. तेवढंच खाणं दोनऐवजी चार वेळा विभागून दिलं. भांड्याऐवजी बिडाच्या जुन्या आप्पेपात्रात घालू लागलो. सात खड्ड्यांतून एकेक दाणा जिभेने काढायला बुंदीला दहा मिनिटं लागतात. पूर्वी चाळीस सेकंदांत भांडं चाटून लख्ख व्हायचं. पावसाच्या दिवसांत जुन्या पंचात दाणे गुंडाळून त्याला गाठ मारतो, ती सोडवण्यात तिचा अर्धा तास जातो. भुकेच्या वेळी शिजवलेली फरसबी, काकडी, गाजर किंवा दुधी, मीठ-फोडणीशिवाय. दुधी मात्र कडू नाही ना ते स्वतः चाखून मगच. मुलीच्या हातचा चीजचा क्यूब गेला आणि गाजराची चकती आली. पहिल्या दिवशी बुंदीने ती तोंडात घेऊन, फसवणूक झाल्यासारखं बघत, गालिच्यावर ठेवून दिली. चौथ्या दिवशी खाल्ली.

दिवाळीच्या चार दिवसांत मात्र ताटाजवळ कुत्र्याला येऊच देऊ नये, ते नुसत्या वजनापायी नाही. तेलकट-तुपकट खाणं एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येते, ती जिवावर बेतू शकते, आणि जाड कुत्र्यांना हा धोका जास्त. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक. भाजीतला कांदा-लसूण रक्ताला वाईट. चॉकलेट तर नकोच नको.

घरात सगळ्यात अवघड गेली ती आई. तिच्यापुढे कॅलरींचं काही चालेना. तिने थेट नामदेवांनाच पुढे केलं: कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणाले, आणि तुम्ही या मुक्या जिवाची लावलेली पोळी काढून घेता? मी म्हटलं, "अगं, नामदेवांचं कुत्रं निदान पळत तरी होतं." आई हसली, पण मुद्दा सोडला नाही. आमच्याकडे खायला घालणं आणि माया करणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. माणसांच्या बाबतीत तरी कुठे आहेत? शेवटी तडजोड अशी झाली की पोळी बंद नाही, पण रोज चतकोर, तूप न लावता, आणि ती त्या ९० च्या खात्यातून. मग आईने चतकोराचेही पंधरा तुकडे करायची युक्ती काढली. कुत्र्याला तुकडा केवढा याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, किती वेळा मिळाला याच्याशी असतं. कुठलंही पुस्तक न वाचता आईने हे ओळखलं.

मागणाऱ्या कुत्र्यापुढे एक नियम मात्र पाळावा लागतो. दहा वेळा 'नाही' म्हणून अकराव्या वेळी दिलं, तर कुत्रं एवढंच शिकतं की अकरा वेळा मागायचं असतं.

चालण्याबद्दल लोकांच्या फार मोठ्या आशा असतात. "रोज दोन किलोमीटर फिरवतो, तरी उतरत नाही," हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. ढोबळ हिशेब असा की कुत्र्याच्या एका किलोला एक किलोमीटर चालायला साधारण एक कॅलरी लागते. ३८ किलोची बुंदी दोन किलोमीटर चालली की ७६ कॅलरी जळतात, म्हणजे चीजचा एक क्यूब. चालणं स्नायू टिकवण्यासाठी, सांध्यांसाठी आणि कुत्र्याच्या डोक्यासाठी हवंच. वजन मात्र ताटात उतरतं. जाड कुत्र्याला उत्साहाच्या भरात टेकडीवर पळवणं तर धोक्याचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि चरबीचा थर ती उष्णता आत कोंडून ठेवतो. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकांच्या कुत्र्यांना तर धापाही धड टाकता येत नाहीत. मार्च ते जून सूर्य वर येण्याआधी फिरवून आणावं. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही टेकवू नयेत. बुंदीचं आम्ही पंधरा मिनिटांपासून सुरू केलं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत नेलं.

गोळी नाही का याच्यावर, असंही लोक विचारतात. होती. २००७ मध्ये अमेरिकेत खास जाड कुत्र्यांसाठी डिरलोटॅपाइड नावाचं औषध मंजूर झालं होतं. ते आतड्यातून चरबीचं शोषण अडवायचं आणि भूक मारायचं. घेणं थांबवलं की भूक परत यायची, कारण घर तेच आणि हात तेच. पुढे ते बाजारातून गेलं.

वजन किती वेगाने उतरावं? आठवड्याला एक टक्का चांगलं, दोन टक्के म्हणजे वरची हद्द. बुंदीच्या बाबतीत आठवड्याला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम, कागदावर सहा महिन्यांचं काम. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहावं आणि स्वतःचं वजन वजा करावं. बुंदीला उचलायची माझी टाप नव्हती, म्हणून दर रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातला पोत्यांचा काटा गाठायचो. दुकानदार गव्हाचं पोतं बाजूला करायचे, बुंदी वर बसायची, आणि खरेदीला आलेली चार माणसं आकड्यावर पैजा लावायची. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं. मग ऐन श्रावणात पाच आठवडे काटा जागचा हलेना. शरीर कमी खाण्याला सरावतं आणि खर्च कमी करतं. तेव्हा डॉक्टरांनी खाणं आणखी पाच टक्क्यांनी उतरवलं. मनाने मी आणखी काही कमी करू नये, अशी तंबीही दिली. (मांजर पाळणाऱ्यांनी हा लेख मांजराला लावू नये. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो.)

मधल्या काळात एक गोष्ट काट्याआधी घरात दिसली. बुंदी बऱ्याच महिन्यांपासून सोफ्यावर चढायची सोडून सोफ्याशी टेकून झोपायची. आम्ही त्याला समंजसपणा म्हणत होतो. वजन पस्तिसाच्या आसपास आलं तेव्हा एका संध्याकाळी ती न विचारता वर चढून बसली. सांधेदुखीच्या जाड कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात सहा टक्के वजन उतरताच लंगडणं कमी झालेलं दिसलं होतं. ३८ वरून तीन किलो म्हणजे आठ टक्के. तो समंजसपणा नव्हता, गुडघे दुखत होते.

आज, अकराव्या महिन्यात, ती साडेएकतीस आहे. हाताच्या पाठीसारख्या अजून नाही, पण बरगड्या लागतात. खाणं पूर्वीच्या मापावर परत न्यायचं नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालंय; थोडं थोडं वाढवत वजन कुठे थांबतं ते बघायचं आणि महिन्यातून एकदा काट्यावर जायचं. वॉचमनकाकांच्या टेबलाच्या खणात आता गाजराच्या चकत्यांचा आमचाच डबा असतो. मावशी ताटातलं उरलेलं डब्यात भरून खालच्या मांजरांना नेतात. त्या मांजरांचं वजन हा वेगळा विषय आहे.

वही अजून फ्रिजला टांगलेली आहे. कालच्या पानावर आईच्या अक्षरात लिहिलंय: 'पोळी चतकोर. तूप लावले नाही.' आणि खाली, दुसऱ्या शाईत: 'थोडे लावले.'